कोबीचा गड्डा

माझ्या लहानपणी आमच्या घरात वर्षातून दोन दिवस कोबीला मज्जाव असे. एक आजोबांच्या श्राद्धाचा दिवस आणि दुसरा पितृपक्षातला. आजी म्हणायची, "ती विलायती भाजी. पितरांना ओळखू यायची नाही." बटाटा, फुलकोबी आणि टोमॅटो यांनाही तोच नियम. गवार, भोपळा, कारले, अळू अशा जुन्या ओळखीच्या भाज्यांवर त्या दिवशीचा स्वयंपाक होई आणि दुसऱ्या दिवशी कोबी मुकाट्याने परत चुलीवर चढे. ही काही आमच्या एकट्या घराची रीत नव्हे, हे पुढे वाचनात आले. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादातही बटाटा, टोमॅटो, फुलकोबी आणि कोबी यांना आजवर प्रवेश नाही. कारण तेच, त्या बाहेरून आलेल्या.

परंतु १९६९ ते १९७१ अशी दोन वर्षे आमच्या घरात कोबी पूर्णपणे बंद होता आणि त्याचा पितरांशी काही संबंध नव्हता. आईने तो बंद केला होता. त्या दोन वर्षांची हकिगत सांगावी म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे. पण ती नीट कळायची तर आधी या भाजीचा थोडा इतिहास सांगायला हवा. वाचकांनी तेवढा धीर धरावा.

*

कोबीचे मूळ घर भूमध्य समुद्राच्या बाजूचे. तिकडच्या रानटी, पसरट पानांच्या एका झाडापासून शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे निवड करत करत वेगवेगळ्या भाज्या घडवल्या. ज्या झाडाची पाने एकावर एक मिटत गेली त्याचा कोबी झाला. ज्याचा फुलोरा दाट आला त्याचा फुलकोबी झाला, आणि ज्याचा देठ फुगला त्याचा नवलकोल. अलीकडे लग्नाच्या जेवणात मिरवणारी ब्रोकोली हीसुद्धा त्यातलीच. वनस्पतिशास्त्राच्या लेखी या सगळ्यांची जात एकच, 'ब्रासिका ओलेरासिया'. मंडईत शेजारी शेजारी मांडलेले हे ढीग म्हणजे सख्खी भावंडे होत. मोहरीही याच कुळातली, त्यांची चुलत बहीण. म्हणजे आपण कोबीला मोहरीची फोडणी देतो तेव्हा एका कुळातल्या दोघांची कढईत भेट घालून देत असतो.

या भाजीच्या गुणांचा पहिला मोठा भाट म्हणजे रोमचा केटो. इसवी सनापूर्वी १६० च्या सुमारास त्याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. लॅटिन गद्यातला आज संपूर्ण उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना ग्रंथ समजला जातो. त्यात द्राक्षमळे आहेत, ऑलिव्हचे तेल आहे, गुलामांना किती धान्य द्यावे याचा हिशेब आहे, आणि मध्येच कोबीवर लांबलचक प्रकरण आहे. सर्व भाज्यांत कोबी श्रेष्ठ, असे केटो ठणकावून सांगतो. मेजवानीत भरपूर खायचे-प्यायचे असेल तर आधी आणि नंतर कच्चा कोबी व्हिनेगरमध्ये बुडवून खावा. जखमेवर, गळवावर, निखळलेल्या सांध्यावर कोबी वाटून बांधावा. इतकेच काय, कोबी खाणाऱ्याचे मूत्रही राखून ठेवावे आणि अशक्त बाळांना त्याने न्हाऊ घालावे, येथवर त्याची मजल गेली आहे.

केटोचा ग्रीक वैद्यांवर विश्वास नव्हता. घरातल्या माणसांची दुखणीखुपणी तो स्वतःच्या वहीत लिहिलेल्या उपायांनी बरी करी आणि त्याचा त्याला अभिमान होता. प्लूटार्कने केटोचे चरित्र लिहिताना या अभिमानाचा उल्लेख केला आहे आणि लगेच नोंदवले आहे की केटोच्या हयातीतच त्याची बायको गेली आणि मुलगाही गेला. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो होतो. का, ते पुढे येईलच.

*

आता रोम सोडून आपल्याजवळच्या समुद्राकडे वळू. कारवारच्या समोर अंजदीव नावाचे लहानसे बेट आहे. वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोचला, ते सारेच जाणतात. परतीच्या वाटेवर त्याची जहाजे याच अंजदीवला थांबली होती आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथून आफ्रिकेच्या दिशेने निघाली. वारे उलटे होते. अरबी समुद्र ओलांडायला त्यांना जवळजवळ तीन महिने लागले. या तीन महिन्यांत खलाशांच्या हिरड्या सुजल्या, दातांवर चढल्या, पाय काळेनिळे पडले. ३० माणसे मेली. जहाज हाकायला हात उरले नाहीत म्हणून पुढे तीनपैकी एक जहाज त्यांना जाळून टाकावे लागले.

हा रोग म्हणजे स्कर्व्ही. ताजी फळे आणि भाजीपाला महिनोन्‌महिने पोटात गेला नाही की तो होतो. पुढची तीनशे वर्षे लांबच्या समुद्रप्रवासावर निघालेल्या खलाशांना वादळापेक्षा आणि लढाईपेक्षा याच रोगाने अधिक संख्येने मारले. त्यांच्या मागे घरच्या परसात कोबी उभा होता. पण तो या मरणावरचा उतारा आहे हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

१५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि सत्तेपाठोपाठ त्यांच्या भाज्याही आल्या. कोबी आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला असे मानतात आणि त्याची साक्ष शब्दच देतो. पोर्तुगीज भाषेत या पालेभाजीला 'कोव्ह' म्हणतात. त्याचे मराठीत आणि गुजरातीत कोबी झाले, बंगालीत 'कपि' झाले. गच्च गड्ड्याच्या कोबीला पोर्तुगीजांचा 'रेपोल्यु' असा वेगळा शब्द आहे. आपण तो भेद न पाळता सगळ्या घराण्याचे नाव त्या एका गड्ड्याला देऊन मोकळे झालो.

आशियातल्या भाषांत गेलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा संग्रह गोव्यातल्या आसगावचे सुपुत्र मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो यांनी १९१३ साली प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये निघाले, ते बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेतून. गोव्याच्या पंडिताचे काम बडोद्याच्या मराठी संस्थानिकाच्या आश्रयाने जगापुढे गेले, ही गोष्ट आपल्यासारख्या विखुरलेल्या मराठी लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. चावी, पगार, पाव, बटाटा, परात, घमेले हे सारे शब्द असेच समुद्रावरून आलेले. यातली चावी आणि पगार आमच्या शेजारच्या कानडी घरांतही तशीच वापरात आहेत. कानडीत कोबीला मात्र कोसु म्हणतात. आमच्या गल्लीत भाजीवाली एका दमात "कोबी घ्या, कोसु तगोळ्री" असे ओरडत यायची आणि दोन्हीकडची दारे उघडायची.

आणखी एक गंमत. आपण म्हणतो कोबीचा गड्डा. कोबी पोर्तुगीज, आणि गड्डा हा शब्द कानडी 'गड्डे'च्या नात्यातला दिसतो. उरला तो 'चा'. सीमाभागात शब्दांची मालकी सांगायला निघालेल्या माणसाने आपल्या भाजीच्या पिशवीपासून सुरुवात करावी.

*

कोबीचा खरा उपयोग कळला तो अठराव्या शतकात, आणि तोही अर्धवट. १७४७ साली इंग्रजांच्या 'सॅलिसबरी' या युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाच्या शल्यवैद्याने स्कर्व्हीचे १२ रोगी निवडले. दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचे पाणी. ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळत होते ती सहा दिवसांत सुधारली. सहाव्या दिवशी फळेच संपली. लिंडने १७५३ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. पण इंग्रजी आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायचे ठरवले ते १७९५ साली.

मधल्या काळात कॅप्टन जेम्स कुक १७६८ मध्ये 'एंडेव्हर' घेऊन दक्षिण समुद्रात निघाला. त्याच्या जहाजावर आंबवलेल्या कोबीची पिंपे होती. बारीक चिरलेला कोबी मिठात दाबून ठेवला की तो आंबतो, महिनोन्‌महिने टिकतो आणि त्यातले सत्त्व बरेचसे शाबूत राहते. जर्मन लोक त्याला सॉअरक्राउट म्हणतात. पण खलाशी ते आंबट प्रकरण तोंडात घालायला तयार होईनात. कुकने सक्ती केली नाही. त्याने फक्त अधिकाऱ्यांच्या टेबलावर ते रोज वाढायला सांगितले आणि खलाशांना 'हवे तर घ्या, नको तर राहू द्या' अशी मोकळीक दिली. वरचे लोक चवीने खातात म्हटल्यावर आठवडाभरात खालून अशी मागणी आली की प्रत्येकाला मोजून देण्याची वेळ आली. ही हकिगत कुकने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. अर्थात कुकने एकट्या कोबीवर भिस्त ठेवली नाही. जिथे किनारा लागेल तिथे ताजा पाला गोळा करायचा, हा त्याचा शिरस्ता होता. एवढ्या लांब प्रवासात स्कर्व्हीने त्याच्या जहाजावर हातपाय पसरले नाहीत. नंतर बटेव्हियाला तापाने आणि हगवणीने बरीच माणसे नेली, ते दुखणे वेगळे.

मला या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते हे. केटोने कोबी औषध म्हणून दिला, कुकने तो जेवण म्हणून वाढला. माणसे वाचली ती दुसऱ्या रीतीने.

कोबीत नेमके काय आहे हे कळायला आणखी दीडशे वर्षे जावी लागली. हंगेरीचे आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी १९२८ मध्ये एक नवे आम्ल वेगळे केले. ते त्यांना गुरांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत, संत्र्यांत आणि कोबीत सापडले होते. तेच क जीवनसत्त्व, हे १९३२ च्या सुमारास सिद्ध झाले आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. संत्रे आणि कोबी एका ओळीत बसले. संत्रे आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचे फळ आणि कोबी गरिबाच्या घरची भाजी, एवढाच काय तो फरक.

येथेच थांबले असते तर बरे झाले असते. पण भाजीत गुण सापडला की माणसाला तिच्यात संजीवनी दिसू लागते. १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गार्नेट चेनी या डॉक्टरांनी जठराच्या आणि आतड्याच्या व्रणाच्या १३ रोग्यांना रोज सुमारे एक लिटर ताज्या कोबीचा रस पाजला आणि व्रण लवकर भरून आल्याचे प्रसिद्ध केले. इंग्रजीत व्रणाला 'अल्सर' म्हणतात, म्हणून त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी 'यू जीवनसत्त्व' असे नाव दिले. १३ रोगी म्हणजे फार थोडे. पुढे हे जीवनसत्त्व म्हणून काही मान्य झाले नाही. पण मासिकांतून, आरोग्याच्या सदरांतून ती बातमी जगभर फिरत राहिली. फिरत फिरत ती बेळगावात आमच्या घरी आली.

*

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, मराठी शाळेत मास्तर होते. १९६८ च्या पावसाळ्यात त्यांच्या पोटात दुखू लागले. मध्यरात्री उठून ते खाण्याचा सोडा पाण्यात घालून पीत आणि ओसरीवर फेऱ्या मारत. डॉक्टरांनी बेरियम पाजून एक्स-रे काढला, व्रण असल्याचे सांगितले, औषध दिले, दूध आणि मऊ भात सुचवला. त्याच सुमारास अण्णांच्या एका स्नेह्याने एक कात्रण आणून दिले. त्यात कोबीच्या रसाची महती होती. स्नेही मनापासूनच भला माणूस होता. त्याला दोष देण्याचे कारण नाही.

मी तेव्हा आठवीत होतो. शाळेतून येताना रोज दोन गड्डे आणायचे काम माझ्याकडे आले. मिक्सर कुणाकडे नव्हता. आई किसणीवर कोबी किसायची, धुतलेल्या पंचात बांधून पिळायची. तिचे हात त्या उग्र वासाने भरलेले असत. अण्णा नाक दाबून पेला रिकामा करत. तीन-चार आठवड्यांत त्यांना बरे वाटू लागले. आम्हाला केवढा आनंद झाला! डॉक्टरांचे औषध संपले, ते परत आणले नाही. व्रणाचे दुखणे आपणहून कमी होते, पुन्हा उलटते, ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती.

जानेवारी १९६९ मधल्या एका रात्री अण्णांना उलटी झाली. कंदिलाच्या उजेडात ती कॉफीच्या चोथ्यासारखी काळी दिसली. दुसरी उलटी लाल होती. टांग्यातून इस्पितळात नेईपर्यंत ते पांढरेफटक पडले होते. मामाचे रक्त जुळले, ते चढवले. दुसऱ्या दिवशी पोट उघडून शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर आईला एवढेच म्हणाले, "दोन महिने आधी आला असता तर." अण्णा वाचले. पण आई घरी आली ती थेट स्वयंपाकघरात गेली, टोपलीत उरलेला गड्डा उचलला आणि परसात गाईपुढे टाकला. त्या दिवसापासून आमच्या घरात कोबी बंद झाला. मला बाजारात कोबीचा ढीग दिसला की पोटात खड्डा पडे. ते गड्डे मीच आणत होतो ना.

आमच्या भिंतीला भिंत लावून एक कानडी कुटुंब राहत असे. त्या घरच्या बाईंना आम्ही अक्का म्हणत असू आणि त्या आईला वैनी म्हणत. ते दिवस काही साधे नव्हते. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला होता, गावातले वातावरण तापलेले होते. मोर्चाच्या दिवशी दोन्ही घरांची पुढली दारे बंद असत. मागचे दार मात्र कधी बंद झाले नाही. १९७१ च्या हिवाळ्यात एकदा आई तापाने पडली. चार दिवस जेवण अक्कांकडून येत होते. चौथ्या दिवशी डब्यात कोसुचे पल्य होते. हरभऱ्याची डाळ, कढीलिंब, वर ओले खोबरे. आईने डबा पाहिला आणि तोंड फिरवले. अक्कांना कारण ठाऊक होते. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "वैनी, कोसूचं काय तप्पु हाय? तुमी त्येला औषध केलासा. ते बिचारं भाजी हाय."

कुणी काही बोलले नाही. अण्णांनी ताट पुढे ओढले आणि भाजी वाढून घेतली. मग दुसऱ्यांदा घेतली. दोन दिवसांनी बरी होऊन उठल्यावर आई मला म्हणाली, "येताना एक गड्डा आण. एकच."

*

हा लेख लिहिताना केटो, कुक आणि चेनी यांची पुस्तके चाळून मी जे शिकलो ते अक्कांनी उंबऱ्यावर बसून एका वाक्यात सांगितले होते. कोबीचे फायदे आहेत, आणि ते खरे आहेत. १०० ग्रॅम कोबीत ९२ ग्रॅम पाणी, उष्मांक अवघे २५ च्या आसपास, अडीच ग्रॅम तंतू आणि ३५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. के जीवनसत्त्व आणि फोलेट हेही त्यात चांगले. पोट साफ राहते, वजन वाढत नाही, खिशाला परवडतो आणि थंड जागी आठवडाभर सहज टिकतो. हे गुण रोजच्या जेवणाचे आहेत. ते वर्षानुवर्षे, वाटीवाटीने लागू पडतात.

शिजवण्याबद्दल दोन शब्द. क जीवनसत्त्व पाण्यात उतरते आणि फार उष्णतेने नासते. म्हणून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून देणे हा कोबीवर सर्वांत मोठा अन्याय. इंग्रजांच्या घरातल्या उकडलेल्या कोबीचा जो वास कादंबऱ्यांतून बदनाम झाला आहे, तो याच सवयीमुळे. कोबीत गंधकाची संयुगे असतात. जितका वेळ शिजवाल तितका तो वास वाढत जातो. आपली रीत बरी आहे. कोबी बारीक चिरावा, मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत हिरवी मिरची घालावी, भिजवलेली डाळ घालून थोडी परतून घ्यावी, मग कोबी टाकून मीठ घालावे. मिठाने त्याला आपणहून पाणी सुटते, त्याच पाण्यात झाकण ठेवून शिजवावा आणि किंचित करकरीत असतानाच उतरवावा. पोटाचे दुखणे असणाऱ्याने मुगाची डाळ घालून मऊ करावा. पचडी करायची असेल तर वरची पाने काढून टाकून, आतली सुटी करून, वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्यावीत. शेतात कोबीवर फवारे बरेच बसतात.

मध्यंतरी कोबी खाल्ल्याने मेंदूत किडा होतो अशी भीती पसरली होती. ती अंडी कोबीची नसतात. डुकरातून आणि माणसातून येणाऱ्या पट्टकृमीची ती अंडी घाणेरड्या पाण्यातून कुठल्याही कच्च्या भाजीला चिकटू शकतात. स्वच्छ धुणे आणि शिजवणे हाच त्यावर उपाय. एकेकाळी ज्याला संजीवनी ठरवले त्यालाच आता विष ठरवायचे, हा त्याच खोडीचा दुसरा प्रकार झाला. थायरॉइडचे दुखणे असलेल्यांनी कच्च्या कोबीचा रस पेलेच्या पेले पिऊ नये आणि रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्वाच्या भाज्या एकदम वाढवू वा तोडू नयेत, डॉक्टरांना विचारावे. एवढे पथ्य पुरे.

आणि व्रणाचे काय? १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या दोघांनी जठरात राहणारा एक जिवाणू शोधून काढला. बहुतेक व्रण त्या जिवाणूमुळे होतात आणि प्रतिजैविकांच्या काही दिवसांच्या गोळ्यांनी बरे होतात, हे पुढे सिद्ध झाले. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली तेव्हा अण्णा जाऊन चौदा वर्षे झाली होती.

*

बेळगावभोवतालच्या गावांत आज कोबी मुबलक पिकतो. पहाटे चोर्ला घाटातून भाजीच्या गाड्या गोव्याकडे उतरतात, त्यांत कोबीची पोती असतातच. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा हा माल बंद झाला होता आणि गोव्यात बटाटे हॉलंडहून येऊ लागले होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाले आणि घाटाची वाट पुन्हा वाहू लागली. चार-पाचशे वर्षांपूर्वी जी भाजी समुद्रावरून गोव्यात उतरली आणि घाट चढून वर आली, ती आता रोज घाट उतरून गोव्याला जेवू घालते. भाव पडला की हाच शेतकरी उभ्या कोबीत नांगर घालतो, तेही मी पाहिले आहे. अशा वर्षी मंडईतून दोन गड्डे जास्त घ्यावेत. तेवढे आपल्या हातात असते.

अक्काही आता नाहीत. त्यांचा नातू बंगळूरला असतो; आला की मागल्या दाराने येतो, कारण त्याला तीच सवय.

अण्णांचे श्राद्ध मी करतो. गवार, भोपळा, कारले, अळू हे सारे आजीच्या काळचे तसेच असते. पहिल्या वर्षी मी आईला विचारले आणि पानात एक जास्तीची भाजी वाढली, हरभऱ्याची डाळ आणि वर ओले खोबरे घातलेली. गुरुजींनी पाहिले आणि काही बोलले नाहीत. विलायती भाजी पितरांना ओळखू येत नाही म्हणतात. या पितराला ती ओळखू येते.